क्लिंगॉनमध्ये एका वाक्याचे सहा अर्थ निघू नयेत म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरची एक विद्यार्थिनी दीड वर्षापासून क्लिंगॉन, म्हणजे स्टार ट्रेकमधल्या परग्रहावरच्या क्लिंगॉन लोकांसाठी रचलेली भाषा, शिकते आहे. तिने एका गोष्टीसाठी वाक्य लिहिलं, "मुलाला शोधणारा अधिकारी मला दिसतो". तिघांना ते वाचायला दिलं. एकाने बरोबर वाचलं, दुसऱ्याने "अधिकारी शोधत असलेलं मूल मला दिसतं" असं वाचलं, तिसऱ्याला त्यात पुष्कळ अधिकारी आणि पुष्कळ मुलं दिसली. व्याकरण तपासलं तर चूक कुठेच सापडेना. मग असं का होतं आणि टाळायचं कसं?

मी नागपूरला भाषांतराचं काम करते. खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं. दिवसभर एकच विचार डोक्यात असतो, या ओळीतून दुसरा अर्थ काढायचा ठरवलाच कुणी, तर निघेल का? बारा-तेरा वर्षांपूर्वी क्लिंगॉन शिकायला लागले तेव्हा हीच सवय सोबत आली. म्हणून हे उत्तर जरा लांब लिहिते आहे.

आधी लिपीबद्दल दोन शब्द. क्लिंगॉन सहसा रोमन अक्षरांत लिहितात. इथे मी देवनागरीत लिहिते आहे आणि जोड दिसावेत म्हणून प्रत्यय जोडरेषेने सुटे दाखवते आहे. एरवी ते शब्दाला चिकटूनच लिहायचे. रोमनमधला मोठा एस म्हणजे आपला ष, मोठा डी म्हणजे आपला ड. हे दोन्ही उच्चार मराठी जिभेला आयतेच येतात. छोट्या क्यूला मी क़ लिहिते, मोठ्या क्यूला क़्ख़. वरची स्वल्पविरामासारखी खूण (’) म्हणजे घशात क्षणभर अडवलेला श्वास, आणि तो पूर्ण व्यंजन आहे, सजावट नाही.

तुमचं वाक्य असं होतं: पुक़ नेज-बोग़ याष व्हि-लेग़. पुक़ म्हणजे मूल, नेज म्हणजे शोधणे, याष म्हणजे अधिकारी, व्हि-लेग़ म्हणजे "मी त्याला किंवा त्यांना पाहते". -बोग़ हा प्रत्यय आपल्या "शोधणारा" किंवा "शोधत असलेला" याचं काम करतो. पण मराठीत "शोधणारा" म्हटलं की शोधणाऱ्याकडे बोट जातं आणि "शोधलेला" म्हटलं की ज्याला शोधलं त्याच्याकडे. -बोग़ असं बोट दाखवत नाही. तो एवढंच सांगतो की ही घटना घडते आहे आणि यातल्या कुणातरी एकाबद्दल मी पुढे बोलणार आहे. कुणाबद्दल, ते सांगत नाही. झाले दोन अर्थ.

आता संख्या. क्लिंगॉनमध्ये अनेकवचनाचा प्रत्यय लावणं सक्तीचं नाही. पुक़ म्हणजे एक मूलही आणि दहा मुलंही. नेज या क्रियापदाला इथे पुढे काहीच उपसर्ग नाही, आणि उपसर्ग नसणं हासुद्धा एक उपसर्गच आहे. सकर्मक क्रियापदावर तो तीन गोष्टी सांगतो: त्याने त्याला, त्याने त्यांना, त्यांनी त्यांना. म्हणजे एक अधिकारी आणि एक मूल, एक अधिकारी आणि अनेक मुलं, अनेक अधिकारी आणि अनेक मुलं. तीन गुणिले दोन, सहा अर्थ. तुमच्या तिन्ही वाचकांनी व्याकरणाला धरूनच वाचलं. चूक त्यांचीही नाही.

उपाय भाषेतच आहे. ज्याच्याबद्दल बोलायचं त्या नामाला -’ए’ लावा. पुक़ नेज-बोग़ याष-’ए’ व्हि-लेग़ म्हटलं की मला दिसतो तो अधिकारी. पुक़-’ए’ नेज-बोग़ याष व्हि-लेग़ म्हटलं की मला दिसतं ते मूल. शब्दांचा क्रम दोन्हीकडे तोच आहे, फक्त ’ए’ सरकलं. माझ्या मते -बोग़ वापरताना दोन्ही बाजूंना नाम असेल तर हे ’ए’ डोळे मिटून लावावं. ज्यांचं क्लिंगॉन चांगलं आहे तेही संदर्भावर भिस्त ठेवून ते गाळतात, आणि पुढच्या परिच्छेदात अडकतात.

संख्येसाठी बोलू शकणाऱ्या प्राण्यांना -पु’, शरीराच्या अवयवांना -डु’, बाकी सगळ्यांना -मेय. एकच आहे हे ठासून सांगायचं असेल तर आधी वा’, म्हणजे एक. पण सर्वांत सुंदर साधन आहे लु- हा उपसर्ग. त्याचा अर्थ एवढाच, "त्यांनी त्याला". करणारे अनेक, ज्याच्यावर क्रिया झाली ते एक. पुक़ लु-नेज याष असं लिहिलं की एकाही नामाला अनेकवचन न लावता कळतं की अधिकारी बरेच आहेत आणि मूल एकच. दोन नामांचा हिशेब एका अक्षराने चुकता होतो. नवे लोक लु- विसरतात कारण शून्य उपसर्ग सोपा वाटतो. विसरला की वाक्य तुटत नाही, गुपचूप दुसरं काही सांगू लागतं, आणि असली चूक लवकर लक्षात येत नाही.

एवढ्याने तुमच्या वाक्याचं उत्तर मिळालं. पण मला खरं सांगायचं आहे ते पुढे आहे. आपण मराठी माणसं क्लिंगॉनमध्ये ठरावीक जागीच का घसरतो, त्याला कारण आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय, लिंग, आदरार्थी रूपं ही कामं शब्दाच्या शेपटीत होऊन जातात. ती आपण करतोय हे आपल्याला जाणवतही नाही. क्लिंगॉन त्यातली बरीच कामं करतच नाही.

नागपूरकडे आपण म्हणतो, "साहेब पोट्ट्याले शोधून राहिला." "पोट्ट्याले साहेब शोधून राहिला" म्हटलं तरी तेच. "शोधून राहिला साहेब पोट्ट्याले" म्हटलं तरी तेच. कारण "ले" पोट्ट्याला चिकटलेलं आहे, शब्द कुठेही हलवा. क्लिंगॉनमध्ये या "ले"साठी काही नाही. आधी कर्म, मग क्रियापद, मग कर्ता, आणि हा क्रमच विभक्ती आहे. पुक़ नेज-ताख़ याष म्हणजे साहेब मुलाला शोधतोय. याष नेज-ताख़ पुक़ म्हणजे मूल साहेबाला शोधतंय. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४ च्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी ही भाषा रचली आणि १९८५ ला तिचा शब्दकोश काढला, तेव्हा त्यांनी हा क्रम मुद्दाम निवडला, कारण माणसांच्या भाषांत तो फार दुर्मीळ आहे. ब्राझीलमधल्या हिश्कार्याना भाषेत तो सापडतो. मराठी मनाला क्रम उलटा असल्याचा त्रास फार होत नाही, आठवडाभरात सवय होते. त्रास होतो तो क्रम हलवता येत नाही याचा. जोर देण्यासाठी आपण सहज शब्द पुढे ओढतो आणि तिथे कर्ता-कर्म उलटतात.

लिंगाचं तसंच. "त्याने तिला सांगितलं की ती त्याच्याकडे येईल" या वाक्यात मराठीत चारही सर्वनामांपैकी कोणतं पुरुषासाठी आणि कोणतं स्त्रीसाठी हे कळतं. क्लिंगॉनमध्ये तो आणि ती दोघांनाही ग़ाख़. बोलू न शकणाऱ्या वस्तूंसाठी ’ओख़ वेगळं आहे, पण स्त्री-पुरुष भेद नाही. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की तेच नाव पुन्हा पुन्हा लिहू नये, सर्वनाम वापरावं. क्लिंगॉन लिहिताना हे विसरा. याष, याष, पुन्हा याष लिहा. आणि कुणी काही म्हणालं असेल तर थेट त्याच्या तोंडचे शब्द ठेवा: "जि-पाव," जात्ल्ह याष. "मी पोचतो," अधिकारी म्हणतो. मराठीत आपण "तो म्हणाला की मी येतो" असं म्हणतोच, आणि त्यातला "मी" कोण हे कधी कधी विचारावं लागतं. लिहिलेल्या क्लिंगॉनमध्ये अवतरणचिन्हं टाकली की तो प्रश्न उरत नाही.

आदरार्थी बहुवचनाने तर मी स्वतः दोन वर्षं फसत होते. "बाबा मुलाला बघतात" हे मनात मराठीत तयार झालं, "बघतात" ऐकलं, आणि हात आपोआप लु- लिहून गेला: पुक़ लु-लेग़ व्हाव्ह. म्हणजे अनेक बाप एका मुलाला बघतात. एका बाबांसाठी साधं पुक़ लेग़ व्हाव्ह. तसंच वडीलधाऱ्या माणसाला "तुम्ही" म्हणून षु- लावणं. षु- म्हणजे तुम्ही सगळे, आदराचा त्यात लवलेश नाही. एका माणसाला आदराने म्हणायचं तर एकवचनी बि- ठेवा आणि क्रियापदाच्या शेवटाकडे -नेष लावा, बि-पाव-नेष. तोही जपूनच. क्लिंगॉन लोक -नेष फार क्वचित वापरतात आणि शब्दागणिक लावला तर विचित्र वाटतं.

"आपण" आणि "आम्ही" यांतला फरकही जातो. मा-जाख़ म्हणजे आम्ही जातो किंवा आपण जातो. समोरच्याला सोबत न्यायचं की मागे ठेवायचं हे कळणं तुमच्या गोष्टीत महत्त्वाचं असेल तर आणखी एक छोटं वाक्य जोडा. मा-जाख़. चो-त्ल्हेज. आपण जाऊ, तू माझ्यासोबत ये. किंवा मा-जाख़. बि-रात्ल्ह. आम्ही जातो, तू थांब. दोन-दोन शब्दांची वाक्यं आहेत, क्लिंगॉनच्या चालीला शोभतात.

आता "चा" आणि "तला" घ्या. हे दोन प्रत्यय नसणं मला सगळ्यांत घातक वाटतं. डाख़जाज षोज व्हि-षोप. डाख़जाज म्हणजे आज, षोज म्हणजे अन्न, व्हि-षोप म्हणजे मी ते खाते. आज मी अन्न खाते, की आजचं अन्न खाते? क्लिंगॉनमध्ये "चा" नाही, दोन नामं शेजारी ठेवली की पहिलं दुसऱ्याचं मालक होतं, आणि "आज" हेही नामच आहे. पहिला अर्थ हवा असेल तर मध्ये क्रियाविशेषण घाला: डाख़जाज नोम षोज व्हि-षोप, आज मी झटपट जेवते. नोमने दोन नामं वेगळी झाली. दुसरा अर्थ हवा असेल तर वाक्य फोडा: डाख़जाज षोज व्हुत-लु’. षोज व्हि-षोप. आज अन्न शिजवलं, ते अन्न मी खाते. पहिल्या भागात दोन्ही वाचनं जमेस धरली तरी अर्थ बदलत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे.

"खोलीतलं मूल मला दिसतं" यातला "तलं" तर उचलताच येत नाही. पा’-डाक़ पुक़ व्हि-लेग़ लिहिलं तर -डाक़ क्रियापदाशी जोडला जातो, म्हणजे पाहणं खोलीत घडतं. मूल बाहेर अंगणातही असू शकतं. इथेही फोडा: पा’-डाक़ बा’-ताख़ पुक़. व्हि-लेग़. मूल खोलीत बसलं आहे. मी ते पाहते.

-डाक़चाच एक बारकावा मला फार आवडतो. तो "मध्ये", "वर", "कडे" हे सगळं एकट्याने सांभाळतो. मग अंबाझरी तलावाकडे जाते म्हणायचं की अंबाझरीवर हिंडते म्हणायचं, हे कळणार कसं? उपसर्गावरून. ङेङ म्हणजे तलाव. ङेङ-डाक़ व्हि-जाख़ म्हणजे तलावाकडे जाते, तलाव हे जाण्याचं कर्म झालं. ङेङ-डाक़ जि-जाख़ म्हणजे जाण्याची क्रिया तलावापाशी चालली आहे, कुठे पोचायचं ते सांगितलेलं नाही. व्हि- आणि जि- यांच्यात एवढा फरक आहे. ओक्रँड यांनी हे नदीचं उदाहरण घेऊन समजावलं आहे. मी फुटाळा तलावावर संध्याकाळी चालताना ते मनात घोकत असे आणि तेव्हापासून विसरले नाही.

काळाबद्दल थोडंच सांगते. क्लिंगॉनला काळ नाही, क्रिया पूर्ण झाली की चालू आहे एवढंच ती सांगते. -पु’ला भूतकाळ समजू नका. वा’लेष पाक़ व्हि-लाड-पु’ म्हणजे उद्यापर्यंत माझं पुस्तक वाचून झालेलं असेल. चालू क्रियेला दोन प्रत्यय आहेत आणि आपलं नागपुरी "वाचून राहिली" दोन्हींना चालतं, म्हणून थांबून विचार करावा लागतो: शेवट डोळ्यांसमोर असेल तर -लि’, नुसतं चालू असेल तर -ताख़. उलट दिवस सांगण्यात क्लिंगॉन आपल्यापेक्षा पक्की आहे. आपलं "परवा" मागचंही असतं आणि पुढचंही, आणि आपल्या बाजारातल्या हिंदीत तर "कल"चंही तेच. क्लिंगॉनमध्ये चा’ख़ु’ म्हणजे दोन दिवसांपूर्वी, चा’लेष म्हणजे दोन दिवसांनी. गोंधळाला जागाच नाही.

कधी कधी संदिग्धता मूळ मराठीतच असते आणि आपण ती क्लिंगॉनच्या माथी मारतो. "तुला झोपायचं नाही." याचा अर्थ तुझी इच्छा नाही, की गरज नाही, की मनाई आहे? क्लिंगॉन तुम्हाला निवडायला लावते. बि-क़्ख़ोङ डा-नेख़-बे’ म्हणजे इच्छा नाही. बि-क़्ख़ोङ-निष-बे’ म्हणजे झोपण्याची गरज नाही. बि-क़्ख़ोङ-बे’-निष म्हणजे न झोपणं गरजेचं आहे, झोपता कामा नये. नकाराचा -बे’ आपल्या लगेच आधीच्या तुकड्याला नाकारतो, म्हणून त्याची एका घराने झालेली सरकासरक पूर्ण आज्ञा पालटते. इथे लिहिण्याआधी स्वतःलाच विचारावं लागतं की मला नेमकं काय म्हणायचं आहे.

एकसारखे दिसणारे तुकडेही ओळखून ठेवा. नेख़ क्रियापद असेल तर "हवं असणे", आणि नामामागून आलं तर "फक्त". ताज नेख़, फक्त सुरी, की त्याला सुरी हवी? ताज नेख़ ग़ाख़ लिहा, म्हणजे कर्ता दिसतो. क़्ख़ाग़ हे नामही आहे, चूक, आणि क्रियापदही, चुकणे. त्यामुळे क़्ख़ाग़-’आ’ म्हणजे "मोठी चूक" किंवा "तो चुकला का?" मागे कर्ता ठेवा, क़्ख़ाग़-’आ’ याष, आणि प्रश्नचिन्ह द्या. "चुका" लिहायच्या असतील तर क़्ख़ाग़-मेयच. घाईत क़्ख़ाग़-पु’ लिहिलं तर ते "तो चुकून बसला आहे" असं क्रियापद होतं.

लेखनचिन्हांची आणि अक्षरांची हेळसांड करू नका. एका मैत्रिणीच्या निरोपाला मी कपावर क़ा-क़ाव छापून घेतलं होतं, "मला तुझी आठवण आहे". छापणाऱ्याने ते उठून दिसावं म्हणून सगळी अक्षरं मोठी केली. रोमनमध्ये छोटा आणि मोठा क्यू ही दोन वेगळी व्यंजनं आहेत. क़ाव म्हणजे आठवणे, क़्ख़ाव’ म्हणजे नष्ट करणे. सगळं मोठ्या अक्षरांत गेल्यावर "तुझी आठवण आहे" आणि "तुझा नाश करते" यांच्यात उरला फक्त शेवटचा अडवलेला श्वास, आणि तो छपाईत गळला असं समजायला कुणीही मोकळं होतं. मी नमुना पाहायला मागितला नव्हता. तो कप मी दिला नाही, नवा करून घेतला. तेव्हापासून कुठेही छापायला देताना मी सोबत लिहून देते की अक्षरांचा आकार बदलायचा नाही. पिक़ाड या क्लिंगॉनच्या स्वतःच्या लिपीत लिहिलं तर हा धोकाच नाही, तिथे दोन्हींना स्वतंत्र अक्षरं आहेत.

चित्रपटांतलं तोडकं क्लिंगॉन ऐकून उपसर्ग गाळायची हौसही नव्या लोकांना असते. लढाईच्या धामधुमीत सैनिक तसं बोलतात, हे ओक्रँड यांनीच नोंदवलेलं आहे. पण तिथे हुकूम देणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतो. कागदावर उपसर्ग गाळलात तर कोण कुणाला हे सांगणारं दुसरं काहीच राहत नाही.

मी स्वतः तपासते कशी, ते सांगते. वाक्य लिहिलं की ते बाजूला ठेवते, शक्यतो रात्र उलटू देते. दुसऱ्या दिवशी मूळ मराठी न पाहता क्लिंगॉन वाक्य परत मराठीत आणते. मराठी आपल्याला पावलोपावली अडवते. तो की ती? मुलगा की मुलगे? "ला" कुणाला लावू? "आजचं" की "आज"? "आपण" की "आम्ही"? असा जो जो प्रश्न मराठी विचारेल आणि ज्याचं उत्तर क्लिंगॉन वाक्यात मिळणार नाही, तिथे तिथे पेन्सिलीने खूण करते. मग प्रत्येक खुणेला एकच प्रश्न, हे वाचणाऱ्याला कळायला हवं का? बहुतेक वेळा नको असतं. बाजारात संत्री होती म्हणताना किती संत्री हे कुणाला हवं असतं? तिथे काही लावत नाही. सगळ्याच शंका मिटवायला गेलात तर वाक्य प्रत्ययांच्या ओझ्याने वाकतं आणि क्लिंगॉनचा तो कोरडा, आखूड ठसका जातो. आमच्या दस्तांत प्रत्येक जागा बांधावी लागते कारण तिथे जमीन जाते. गोष्टीत तसं नसतं, तिथे वाचक जिथे अडखळेल तेवढंच बांधायचं.

तुमच्या वाक्याला हे लावून पाहा. कोण दिसतं हे कळायलाच हवं, त्यामुळे याष-’ए’ नक्की. लिंग सोडून द्या. संख्या गोष्टीवर अवलंबून आहे. एकटा अधिकारी एकट्या मुलाला शोधत असेल आणि ते एकटेपण गोष्टीत पुढे कामाचं असेल तर वा’ पुक़ नेज-बोग़ वा’ याष-’ए’ व्हि-लेग़ लिहा. अख्खी तुकडी त्या एका मुलामागे लागली असेल तर पुक़ लु-नेज-बोग़ याष-पु’-’ए’ व्हि-लेग़. तिथे -पु’ गाळलात तरी लु- सांभाळून घेईल, पण ’ए’ गाळू नका.